धनुष्कोडीचे पडके रेल्वे स्थानक नेमके कसे पाहावे?

दक्षिणवारी (मूळ लेख)

रामेश्वरच्या यात्रेला जाणारे बहुतेक लोक धनुष्कोडीच्या टोकापर्यंत जातात, अरिचलमुनईला दोन समुद्र एकत्र येताना पाहतात, सेतूची वाळू घेतात आणि परततात. परतीच्या वाटेवर गाडी काही मिनिटे थांबते, पडक्या चर्चसमोर छायाचित्रे काढली जातात आणि "१९६४ च्या वादळात आख्खी रेल्वे वाहून गेली" एवढे एक वाक्य ऐकून सगळे पुन्हा गाडीत बसतात. त्याच परिसरात रेल्वे स्थानकाच्या भिंती उभ्या आहेत, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. ज्यांच्या लक्षात येते, तेही त्या भिंतींकडे 'भुताच्या गावातील' आणखी एक पडकी इमारत म्हणूनच पाहतात. मला हे फार खटकते, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे असे की धनुष्कोडीचे स्थानक हे एखाद्या लहान गावाचे स्थानक कधीच नव्हते. मद्रास आणि कोलंबो यांना जोडणाऱ्या मार्गाचा तो मधला दुवा होता. हा मार्ग डोक्यात ठेवून तेथे गेले, तरच प्रत्येक भिंतीचा अर्थ लागतो. नाहीतर वाळूत उभे असलेले दगड एवढेच हाती उरते.

पांबनचा पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी वाहतुकीस खुला झाला आणि साऊथ इंडियन रेल्वे कंपनीची मीटरगेज गाडी मुख्य भूमीवरून थेट बेटावर येऊ लागली. त्यापूर्वी कोलंबोला जाणारे प्रवासी तुतिकोरीनला जाऊन तेथून आगबोटीने लांबचा समुद्रप्रवास करीत. नव्या मार्गाने समुद्रातले अंतर जेमतेम ३५ किलोमीटरच्या आसपास आले. प्रवासी धनुष्कोडीला उतरत, धक्क्यावरून आगबोटीत बसत, पलीकडे सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) तलैमन्नारला उतरत आणि तेथे उभ्या असलेल्या गाडीने कोलंबोला जात. या संपूर्ण जोडप्रवासाला 'बोट मेल' म्हणत. कर्झन, एल्गिन, हार्डिंज आणि पुढे आयर्विन व गोशेन अशी त्या आगबोटींची नावे होती. शेवटचे नाव मद्रासच्या गव्हर्नरचे, बाकी सगळी व्हाइसरॉयांची.

आता हे ध्यानात घेऊन त्या जागी उभे राहावे. जेथे गाडी संपते आणि जहाज सुरू होते, तेथे कोणकोणत्या गोष्टी लागतील? जकातीची कचेरी लागेल, बंदराची कचेरी लागेल, टपाल उतरवून चढवण्याची सोय लागेल, रेल्वेच्या आणि बंदराच्या कामगारांची घरे लागतील, त्यांच्या मुलांसाठी शाळा लागेल, प्रार्थनेची जागा लागेल. वाफेच्या इंजिनासाठी पाणी तर लागेलच, आणि तेही गोडे. तेथील अवशेषांमध्ये स्थानकाच्या कमानीदार भिंती, टपाल कचेरी, चर्च, रेल्वेची घरे आणि पाण्याच्या टाकीचा सांगाडा हेच दिसते. एका गाडीभोवती उभ्या राहिलेल्या वसाहतीचा नकाशा अजून तेथे आहे आणि थोडा वेळ दिला तर तो वाचता येतो.

ज्यांनी ही जागा नीट पाहिली आहे, त्यांनी आपली निरीक्षणे येथे लिहावीत.

मीटरगेज

लेखातील भूमिकेशी मी सहमत आहे आणि रेल्वेच्या अंगाने त्यात थोडी भर घालतो. धनुष्कोडीविषयी बोलताना एक प्रश्न क्वचित विचारला जातो: वादळानंतर पांबनचा पूल दुरुस्त झाला, मग धनुष्कोडीचा मार्ग का झाला नाही?

मुळात पांबनहून धनुष्कोडीकडे जाणारी लाइन ही मुख्य होती आणि रामेश्वरला जाणारा फाटा ही तिची शाखा होती. कंपनीच्या दृष्टीने महत्त्व कोलंबोच्या वाहतुकीला होते. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री वादळ आले, त्याचा वेग ताशी २५० किलोमीटरहून अधिक असावा असा अंदाज आहे. त्या रात्री धनुष्कोडी संपले आणि त्याचबरोबर पांबनच्या पुलाचे सव्वाशेच्या आसपास गर्डर समुद्रात पडले. जहाजांसाठी उघडणारा मधला शेर्झर पद्धतीचा गाळा मात्र टिकला. दुरुस्तीसाठी ६ महिन्यांची मुदत ठरली होती, ती ३ महिन्यांवर आणली गेली, आणि रेल्वेचे अभियंते ई. श्रीधरन यांनी ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा केला. समुद्रात पडलेले गर्डर शोधून, वर काढून तेच पुन्हा बसवण्यात आले, म्हणून हे शक्य झाले.

पुलाच्या या घाईमागे रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाहतूक होती. धनुष्कोडीचा प्रश्न वेगळा होता. पुढची सगळी लाइन अरुंद वाळूच्या दांड्यावर होती, दोन्ही बाजूंना समुद्र होता, धक्का उद्ध्वस्त झाला होता आणि मद्रास सरकारने ते गाव वस्तीसाठी अयोग्य ठरवले होते. श्रीलंकेची आगबोट पुढे रामेश्वरहून सोडण्यात येऊ लागली. अशा रीतीने जी शाखा होती ती मुख्य लाइन झाली आणि जी मुख्य लाइन होती ती वाळूखाली गेली. आज रामेश्वरला गाडीने उतरणारा प्रत्येक यात्रेकरू त्या जुन्या शाखेवरून आलेला असतो. पडके स्थानक पाहताना वादळ आठवतेच, पण ते स्थानक पडके राहिले यामागे वादळानंतर घेतलेला एक व्यवहारी निर्णय आहे, हेही आठवावे.

पाण्याच्या टाकीविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दोन समुद्रांमधल्या वाळूत गोडे पाणी मिळते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर तरंगत राहते. वाळूत उथळ खड्डा केला की हा गोड्या पाण्याचा थर लागतो. फार खोल गेले किंवा फार उपसले की खारे पाणी वर येते. तेथील मच्छीमार कुटुंबे अजूनही असेच उथळ झरे खणून पाणी काढतात.

परतीर

या चर्चेत त्या मार्गावरून प्रवास करणारे लोक कोण होते, याचा उल्लेख झाला नाही, तो व्हायला हवा. बोट मेल म्हटले की पहिल्या वर्गाचे डबे, साहेब लोक आणि टपालाच्या थैल्या डोळ्यांसमोर येतात. पण या मार्गाचा मोठा उपयोग सिलोनच्या चहामळ्यांकडे जाणाऱ्या तमिळ मजुरांसाठी झाला. धनुष्कोडीच्या अलीकडे, मुख्य भूमीच्या टोकाशी मंडपम येथे सिलोन सरकारची छावणी होती. मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांना तेथे विलगीकरणात ठेवले जाई, त्यांची आरोग्यतपासणी होई आणि मगच त्यांना पुढे पाठवले जाई. दुसऱ्या देशाच्या सरकारची छावणी भारताच्या भूमीवर, हे आज विचित्र वाटते, पण त्या काळी दोन्हीकडे ब्रिटिशांचेच राज्य होते.

आता काळाचा एक योग पाहा. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी भारताचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिलोनच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. सिलोनमधील भारतीय वंशाच्या ५,२५,००० लोकांना भारताने परत घ्यावे आणि ३,००,००० लोकांना सिलोनने नागरिकत्व द्यावे, असे त्यात ठरले. उरलेल्या सुमारे दीड लाख लोकांचा निर्णय पुढे ढकलला गेला. ज्या वाटेने या लोकांचे आजोबा-पणजोबा गेले, त्याच वाटेने त्यांना परत आणायचे होते. करारावर सह्या होऊन दोन महिनेही झाले नाहीत तोच धनुष्कोडी नष्ट झाले. पुढे परत आलेली हजारो कुटुंबे रामेश्वरच्या धक्क्यावर उतरली. ज्या देशात त्यांचा जन्म झाला नव्हता, त्या देशात ती 'परत' आली होती. श्रीलंकेत यादवी सुरू झाल्यावर हीच मंडपमची छावणी तमिळ निर्वासितांसाठी वापरली गेली.

म्हणून मला वाटते की त्या स्थानकासमोर उभे राहून केवळ वादळात गेलेल्यांचे स्मरण करून थांबू नये. त्या फलाटावरून स्वतःच्या इच्छेने किंवा नाइलाजाने देश सोडून गेलेल्या लाखो लोकांची स्मृतीही त्या जागेशी जोडलेली आहे, आणि तिची नोंद करणारा फलक तेथे असायला हवा.

कोकणवाट

वरील प्रतिसाद वाचून समाधान वाटले, तरीही मूळ लेखातील एका मुद्द्याला माझा विरोध आहे. स्थानक मार्गाचा दुवा म्हणून पाहावे हे ठीक आहे, पण त्या नादात त्या रात्रीची घटना मागे पडू नये.

पांबनहून धनुष्कोडीकडे निघालेली ६५३ क्रमांकाची पॅसेंजर मध्यरात्रीच्या सुमारास धनुष्कोडीच्या अगदी जवळ आली होती, तेव्हा प्रचंड लाट येऊन गाडीच समुद्रात ओढली गेली. ११० प्रवासी आणि ५ कर्मचारी हा आकडा सर्वत्र दिला जातो. विनातिकीट प्रवास करणारे धरले तर तो याहून मोठा असावा, असे मानले जाते. संपूर्ण वादळात मरण पावलेल्यांची संख्या १,८०० च्या वर सांगितली जाते. तारा तुटल्या होत्या, सिग्नल मिळत नव्हता आणि काही वेळ थांबून चालकाने गाडी पुढे नेली, अशी हकिकत नेहमी सांगितली जाते. ती ऐकून पुष्कळ लोक चालकाला दोष देऊन मोकळे होतात. हे मला मान्य नाही. अरुंद दांड्यावर, काळोखात, दोन्ही बाजूंनी समुद्र चढत असताना थांबलेली गाडी सुरक्षित होती आणि चालती गाडी धोक्यात होती, असे आज घरी बसून कोणी ठरवू नये. मागे जाण्यासाठीही तोच दांडा होता.

आणखी एक विनंती. 'भुताचे गाव' हा शब्द आपण सर्वांनीच सोडून द्यावा. तेथे मच्छीमारांची वस्ती आहे, त्यांची मुले शाळेत जातात, त्यांची जाळी त्याच भिंतींच्या आडोशाला वाळत असतात. त्यांतील काही कुटुंबांनी त्या रात्री आपली माणसे गमावली आहेत. बाहेरून येऊन कोणी त्यांच्या घरासमोर भुतांच्या गोष्टींची चित्रफीत बनवावी, हे अत्यंत असभ्य आहे.

चुनखडक

मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून भिंतींविषयी लिहितो. धनुष्कोडीच्या जुन्या बांधकामात प्रवाळाचा दगड आणि चुना यांचा मोठा वापर आहे. त्या किनाऱ्यावर चांगला कातळ सहज मिळत नाही आणि प्रवाळ मुबलक होते, हे त्याचे कारण. प्रवाळाचा दगड हलका आणि सच्छिद्र असतो. समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारे मीठ पाण्यासह त्या छिद्रांत शिरते; पाणी वाळले की मिठाचे स्फटिक बनतात, ते फुगतात आणि दगडाचा पृष्ठभाग आतून ढकलतात. ओले होणे आणि वाळणे हे चक्र रोज चालते, त्यामुळे भिंत कोसळण्याआधी बराच काळ तिची भुकटी होत असते. चर्चच्या भिंतीवर हात फिरवला तर बोटांना पीठ लागते, त्याचे कारण हेच. कृपया हात फिरवूही नका, कारण प्रत्येक स्पर्शाने थोडा दगड जातो.

अशा भिंतींना सिमेंटचा गिलावा करणे हा उपाय म्हणून सुचवला जातो, आणि तो अपायकारक आहे. सिमेंटमुळे आतला ओलावा बाहेर पडत नाही, मीठ गिलाव्याच्या मागे साचते आणि काही वर्षांत गिलावा दगडाचा थर घेऊनच गळून पडतो. चुन्याचाच गिलावा, तोही दर काही वर्षांनी पुन्हा करावा लागेल असे गृहीत धरून, आणि कमानींना साधा आधार देणे, एवढेच येथे शहाणपणाचे आहे. छत घालून, रंग देऊन स्थानक 'नवे' करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे.

तेथे वाळूत प्रवाळाचे तुकडे पडलेले असतात आणि लोक ते आठवण म्हणून उचलतात. मन्नारच्या आखाताचा हा भाग सागरी जीवावरण राखीव क्षेत्राशी लागून आहे आणि प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. पडलेला तुकडाही घरी आणू नये.

मीटरगेज

चुनखडक यांचा मुद्दा वाचून एक तुलना करावीशी वाटते. फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवर पिरेनीज पर्वतात कान्फ्रांक नावाचे स्थानक आहे. ते १९२८ मध्ये सुरू झाले. त्याची इमारत सुमारे २४० मीटर लांब आहे. तेथेही कारण हेच होते: दोन देशांच्या रुळांची रुंदी वेगळी, म्हणून प्रवासी आणि माल उतरवून पुन्हा चढवणे भाग, आणि त्यासाठी जकात, टपाल, हॉटेल असे सगळे एका छताखाली. आपल्याकडे भारताच्या बाजूला १,००० मिलिमीटरचे मीटरगेज होते आणि सिलोनच्या बाजूला १,६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज. मध्ये समुद्र नसता तरी गाडी बदलावीच लागली असती.

कान्फ्रांकचा अंतही एका रात्रीत नव्हे, पण एका अपघाताने झाला. मार्च १९७० मध्ये फ्रान्सच्या बाजूला एक मालगाडी उतारावर अनावर होऊन पूल कोसळला, कोणी दगावले नाही, पण पूल पुन्हा बांधला गेला नाही आणि सीमेपलीकडची वाहतूक थांबली. म्हणजे येथेही मार्ग तुटला आणि स्थानक निरर्थक झाले. फरक एवढाच की ती इमारत भक्कम होती, दशकानुदशके पडून राहूनही उभी राहिली आणि २०२३ मध्ये तिचे हॉटेल झाले. धनुष्कोडीच्या इमारतीला असा पर्याय नाही आणि नसावाच, याबाबत मी चुनखडक यांच्याशी सहमत आहे.

पलीकडच्या तलैमन्नारचेही येथे नाव घ्यायला हवे. श्रीलंकेतील युद्धात तिकडची लाइन उखडली गेली होती. भारतीय कंपनीने ती पुन्हा बांधली आणि मार्च २०१५ मध्ये तलैमन्नारला गाडी पुन्हा पोहोचली. त्यामुळे आज परिस्थिती अशी आहे की कोलंबोहून गाडी समुद्रापर्यंत येते आणि मद्रासहून येणारी गाडी रामेश्वरला थांबते.

वाटसरू_२

आम्ही या हिवाळ्यात वयस्कर आई-वडिलांना घेऊन जाणार आहोत. स्थानक पाहण्यासाठी किती वेळ ठेवावा, आणि आधी काय पाहावे, नंतर काय? वडील रेल्वेत नोकरीला होते, त्यामुळे त्यांना हा भाग फार जिव्हाळ्याचा आहे.

दक्षिणवारी

सर्वांचे आभार. कोकणवाट यांचा आक्षेप मला मान्य आहे. मार्ग समजून घेतल्याशिवाय त्या रात्री काय तुटले हे कळत नाही, एवढेच मला म्हणायचे होते. परतीर यांनी मजुरांविषयी लिहिले ते तर मूळ लेखातच यायला हवे होते.

वाटसरू, आपल्या वडिलांसाठी मी सुरुवात पांबनपासून करावी असे सुचवेन. जुना पूल डिसेंबर २०२२ पासून गाड्यांसाठी बंद आहे आणि शेजारी नवा पूल ६ एप्रिल २०२५ पासून सुरू झाला आहे. नव्या पुलाचा ७२.५ मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो, तर जुन्या पुलाचे दोन पंख कामगार हाताने लिव्हर फिरवून उघडत असत. रस्त्याच्या पुलावरून नवा पूल नीट दिसतो. वडील रेल्वेतले असल्याने ते तेथेच रमतील, तो वेळ मोकळा ठेवा.

नंतर रामेश्वरहून सकाळी लवकर निघावे. वाटेत कोदंडराम मंदिर लागते, ते १९६४ च्या वादळातही टिकले. मुकुंदरायर छत्रमपर्यंत पूर्वी चांगला रस्ता होता आणि पुढे वाळूतून जीपगाडीने जावे लागे. २०१७ पासून अरिचलमुनईपर्यंत पक्का रस्ता आहे, त्यामुळे वयस्कर माणसांना अडचण येत नाही. छत्रम म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा. तंजावरच्या भोसले राजांनीही रामेश्वरच्या वाटेवर अशी अनेक छत्रे बांधली होती, तेव्हा रेल्वेच्या आधीही हा मार्ग आपल्या लोकांच्या पायाखालचा होता.

आधी थेट टोकाला जावे आणि मग स्थानकाकडे परतावे. याचे कारण असे की टोकाला उभे राहून श्रीलंकेची दिशा आणि दोन्ही समुद्रांची रुंदी डोळ्यांत भरली की आगबोट कोठे जात असे हे समजते आणि मग स्थानकाची जागा का निवडली गेली तेही समजते. तेथे पाण्यात मात्र उतरू नये. प्रवाह फार ओढीचा आहे. स्थानकाजवळ आल्यावर भिंतींपासून थोडे दूर राहून, रुळांची दिशा मनात धरून दोन्ही टोकांपर्यंत चालावे. फलाट, पाण्याची टाकी, कर्मचाऱ्यांची घरे, टपाल कचेरी आणि शेवटी चर्च असा क्रम ठेवला तर वसाहतीची रचना आपोआप उलगडते. तासभर तरी लागेल. ऊन कडक असते आणि सावली नाही, म्हणून छत्री आणि पिण्याचे पाणी जवळ हवे. संध्याकाळनंतर त्या रस्त्यावर थांबू देत नाहीत.

मच्छीमारांच्या छोट्या दुकानांतून काही घ्यायचे असेल तर शिंपल्यांच्या वस्तूंऐवजी मासे किंवा चहा घ्यावा. तेथील वयस्कर लोकांशी बोलायची इच्छा असेल तर सोबत तमिळ जाणणारा कोणी असावा, आणि वादळाविषयी त्यांनी स्वतःहून काढले तरच बोलावे.

चुनखडक

एक गोष्ट राहिली. रामेश्वर ते धनुष्कोडी हा सुमारे १७ किलोमीटरचा रेल्वेमार्ग पुन्हा टाकण्याची पायाभरणी १ मार्च २०१९ रोजी झाली होती. तो मार्ग व्हावा की नाही याविषयी येथील मंडळींचे मत काय?

मीटरगेज

रेल्वेवर प्रेम असूनही माझे मत प्रतिकूल आहे. दांडा तोच आहे, समुद्र तोच आहे, आणि पलीकडे जाणारी आगबोट नसेल तर तो मार्ग केवळ सहलीसाठी राहील. सहलीसाठी रस्ता पुरेसा आहे. उद्या तलैमन्नारची जलवाहतूक खरोखर सुरू झाली, तरी धक्का रामेश्वरलाच असावा.

दक्षिणवारी

मलाही तसेच वाटते. त्या खर्चाचा अगदी लहान हिस्सा जरी स्थानकावर लावला, तरी चुन्याची दुरुस्ती, कमानींना आधार, १९६४ पूर्वीच्या स्थानकाचा आराखडा दाखवणारा तमिळ, हिंदी आणि इंग्रजी फलक आणि त्याच फलकावर बोट मेलच्या मार्गाबरोबर मंडपमच्या मजुरांची नोंद, एवढे सगळे होऊ शकेल. या चार मागण्यांचे निवेदन मी तयार करतो आहे. मसुदा याच धाग्यावर ठेवीन. परतीर आणि चुनखडक यांनी आपापल्या भागाचा मजकूर तपासून द्यावा, अशी विनंती.